मुलांची एटीव्ही: काही महिने वापरल्यावर, आणि लाल दोरीवरून झालेलं भांडण

मुलाची एटीव्ही (चार जाड टायरांची, हॅन्डलवाली छोटी गाडी) सर्व्हिसिंगहून आली, 'आता बंद पडणार नाही' असं सांगून दिली, आणि खरंच बंद पडेना. मुलाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी ओढली, किल स्विचची (मूल पडलं की इंजिन बंद करणारा स्विच) टोपी निघाली, तरी इंजिन आपलं सुरूच! सीटखाली बघितलं तर त्या स्विचचा कपलर (वायरींचा जोड) काढून वायर टेपने गुंडाळून ठेवलेली. खडबडीत जागी गाडी मधेच बंद पडते अशी माझी तक्रार होती. स्विच बदलायचा सोडून मेकॅनिकसाहेबांनी स्विचच बाद केला. फोन केला तर उत्तर मिळालं, 'अहो, सगळे असंच करून घेतात.'

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. मुलगा सात वर्षांचा, गाडीवर 'वाय-६+' लेबल, म्हणजे सहा वर्षं आणि त्यापुढच्या मुलांसाठी. अमेरिकन मानकानुसार या गटातली गाडी वेग बांधलेला असताना ताशी १६ किमीच्या आसपास आणि मोकळी सोडली तरी २४ किमीपर्यंतच जायला हवी. पूर्वी वय सीसीवरून ठरवायचे; आता तसं बघू नका. ११० सीसीची गाडीही हळू चालेल अशी बांधता येते, पण तिचं वजन आणि उंची कशी बांधणार?

'वाढत्या अंगाची घ्या, चार वर्षं बघायला नको' असा दुकानदाराचा आग्रह होता, आणि पैशांचा हिशेब केला तर मलाही पटत होतं. पण मुलाला मोठ्या गाडीच्या फुटरेस्टवर उभं केलं आणि विषय संपला. उभं राहिल्यावर सीट आणि मुलाच्या बुडामध्ये तीन ते सहा इंच जागा हवी. इथे तो उभा आहे की बसलाय तेच कळेना. हॅन्डल पूर्ण वळवलं की बाहेरच्या बाजूचा हात ताठ होऊन मूठ सुटत होती. अंगठा थ्रॉटलवर (वेग वाढवायच्या कळीवर) ठेवून बोटं ब्रेक लिव्हरला लावायला सांगितलं, तर नुसती टोकं पोचली. लहान गाडी घेतली. दोन वर्षांनी विकावी लागेल, लागू दे.

थ्रॉटलपाशी वेग बांधायचा स्क्रू असतो. त्याच्या लॉक नटवर नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा, कुणी फिरवला की लगेच दिसतं. (आमच्याकडे अजून जुळते आहे.)

रिमोटवर मात्र सुरुवातीला मी फिदा होतो. बटण दाबलं की दुरूनच इंजिन बंद, अजून काय हवं? मग एकदा उतारावर दाबलं. इंजिन गप्प झालं, गाडी गेली तशीच खाली. या गाड्यांना सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन बंद पडलं की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. तेव्हा मुलाने ब्रेक दाबला म्हणून थांबली. त्यामुळे आता रिमोटचं कौतुक निम्म्यावर आलंय आणि आधी नुसता ब्रेक शिकवायचा यावर मी ठाम आहे.

पण लाल दोरी ती लाल दोरीच. मूल गाडीवरून पडलं की रिमोटवाला बाप चहा पीत असला तरी ती आपलं काम करते. अडचण अशी की बऱ्याच गाड्यांत हा स्विच इग्निशनची (ठिणगीची) वायर अर्थ करून, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडून, इंजिन बंद करतो. म्हणजे कपलर निघाला किंवा वायर तुटली तर गाडी अगदी मजेत चालू राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून दर वेळी मूल बसायच्या आधी इंजिन सुरू करून दोरी ओढून बघा. मी ओढली नसती तर तो 'रिपेअर' तसाच राहिला असता. नवा स्विच मीच आणून बसवला, दोन पिनांचं काम. बिलाचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत आणि मी सोडणारही नाही.

बाकी थोडक्यात. टायरमध्ये हवा जेमतेम दोन-चार पीएसआय लागते, कारचा गेज तिथे आंधळा, कमी दाबाचा वेगळा घ्या. सीट लांब दिसते ती मुलाला अंग मागेपुढे करता यावं म्हणून, मागे भावंडं बसवायला नाही. डांबरी रस्त्यावर अजिबात नाही: मागचा अॅक्सल सलग, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना) नाही, वळताना गाडी उलटायला बघते. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखाली एटीव्ही नकोच म्हणते. बायकोने हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी गाडीपासून चार पावलांवर असल्याशिवाय किल्ली लागत नाही.

गाडीला चार स्टार. सर्व्हिसला एकही नाही.