कुठला दिवस सांगू? एका अनुभव-अभ्यासाचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा कापला तो सोप्या भाषेतल्या प्रतीपायी आणि अर्धा उचंत खात्यापायी. दोन्हींचं पुढे येईलच.

आधी हे प्रकरण काय आहे ते. अपंगांचा मदतभत्ता, घरी येणारा मदतनीस आणि प्रवासाची सोय, या तिन्हींचे नियम एका सरकारी खात्याला नव्याने लिहायचे होते. लिहिण्याआधी, ज्यांना ते लागू होणार त्यांचे दिवस कसे जातात हे समजून घेण्याचं काम खात्याने एका संशोधन संस्थेला दिलं. एक लांबलचक मुलाखत, तीन आठवड्यांची रोजनिशी, पाच चर्चासत्रं आणि शेवटी अहवालाचा मसुदा वाचून शेरे देणं, एवढं आमच्याकडून हवं होतं. सगळं मिळून चौदा महिने गेले. खात्याचं आणि संस्थेचं नाव घेत नाही. संस्थेतली मुलं भली आहेत, आणि माझी तक्रार त्यांच्याहून वरच्या मजल्यावर आहे.

मी कोण? ३२ वर्षं ऑडिटमध्ये काढलेली बाई. ३८व्या वर्षी आमवात निघाला, आता बोटं वाकडी झालीत आणि गुडघे आपल्या मर्जीने चालतात. स्वतःबद्दल बोलताना मी ‘अपंग’ हाच शब्द वापरते; दुसऱ्या कुणाला दुसरा आवडत असेल तर त्याने तो वापरावा. ऑडिटची खोड मात्र निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ताळेबंदातला आकडा दिसला की त्याचं व्हाउचर कुठे आहे, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा रिव्ह्यूही त्याच खोडीतून लिहितेय.

मुलाखत घ्यायला आलेली मुलगी पंचविशीची असेल. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला, माझी परवानगी रेकॉर्ड करून घेतली आणि विचारलं, “काकू, तुमचा दिवस कसा जातो?”

मी म्हटलं, “कुठला?”

तिला कळेना. मग मी सांगितलं, माझे दिवस तीन जातींचे असतात. चांगला दिवस, उधारीचा दिवस आणि वसुलीचा दिवस. चांगल्या दिवशी फार काम केलं की तो आपसूक उधारीचा होतो, आणि मग दोन दिवस वसुली चालते. वसुलीच्या सकाळी शर्टाची सात बटणं लावायला मला अकरा मिनिटं लागतात. मोजली आहेत. मुलीने हातातल्या कागदावरचा पहिला प्रश्न खोडला आणि वर काहीतरी लिहिलं. दोन सत्रांनंतर छापील प्रश्नावली आली तेव्हा तिच्यात पहिला प्रश्न होता, “तुमचे दिवस किती प्रकारचे असतात?” साडेतीन ताऱ्यांपैकी एक तारा या एका वाक्याचा.

मुलाखतीच्या शेवटी तिने सहा ठरावीक प्रश्न विचारले. हे वॉशिंग्टन गटाचे प्रश्न. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ साली हा गट स्थापन झाला. कितीतरी देशांच्या जनगणनेत आणि सर्वेक्षणांत आता हेच प्रश्न असतात. पाहणं, ऐकणं, चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं किंवा लक्ष लावणं, अंघोळ-कपडे यांसारखी स्वतःची कामं आणि आपल्या नेहमीच्या भाषेत संवाद, या सहा बाबतींत अडचण येते का? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. ‘अपंग’ हा शब्द कुठेही येत नाही आणि ते मला पटतं, कारण तो शब्द ऐकला की अर्धे लोक नाही म्हणून मोकळे होतात. निदान एका प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘जमतच नाही’ असं उत्तर आलं, की माणसाला अपंगांच्या मोजणीत धरतात.

मी दुपारी ३ वाजता उत्तरं दिली. चालणं, थोडी अडचण. कपडे, थोडी अडचण. म्हणजे मी मोजणीतून बाहेर! मी त्या मुलीला म्हटलं, उद्या सकाळी ७ वाजता फोन कर आणि हेच प्रश्न परत विचार. तिने खरंच केला. दोन्हींना ‘खूप’. बाई तीच, मध्ये सोळा तास. आता न्यायाने सांगायचं तर हे प्रश्न सबंध लोकसंख्येची मोजदाद करायला बनवले आहेत, एकेकट्याचा भत्ता ठरवायला नव्हे. त्यांचा एक विस्तारित संचही आहे. त्यात वेदना आणि थकवा येतो, बोटांनी बटण-पेन्सिल उचलता येते का, डबे-बाटल्या उघडता येतात का, हेही येतं. पण खात्याच्या भत्त्याच्या अर्जावर या सहा प्रश्नांचीच सुधारून बिघडवलेली आवृत्ती होती, हे मी तिला अर्ज काढून दाखवलं.

आता चर्चासत्रं. पहिलं सत्र ठेवलं सकाळी साडेनऊला. आमवाताच्या माणसाचं अंग सकाळी तासभर तरी आखडलेलं असतं, बऱ्याचदा जास्तच. अपंगांच्या जगण्यावरचं सत्र आणि वेळ मात्र धडधाकटांची! तक्रार केल्यावर पुढची चारही सत्रं दुपारी १ वाजता झाली, आणि तक्रारीवर कुणी तोंड वाकडं केलं नाही. रॅम्प नीट होता, सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन होते आणि ते आलटून पालटून काम करत होते, बोललेलं पडद्यावर अक्षरांत उमटत होतं. ज्या तरुणाला घोळक्यात बोलणं जमत नाही, त्याला लेखी उत्तरं पाठवायची मुभा होती. स्वच्छतागृहाचं दार मात्र असं जड, की ते ढकलायला मला दोनदा अनोळखी माणसाची मदत घ्यावी लागली.

मानधन वेळेवर मिळालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते उत्पन्नात धरून कुणाचा भत्ता कापला जाणार नाही, असं खात्याचं पत्र संमतीपत्राबरोबरच हातात दिलं. हे पत्र नसतं तर आमच्यातले निदान तिघं आलेच नसते. ज्यांना अशी कामं काढायची आहेत त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं उचलावं.

तिसऱ्या सत्रातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेला एक पंचविशीचा मुलगा आईबरोबर यायचा. प्रश्न त्याला विचारला की उत्तर आई द्यायची. चर्चा चालवणारे गृहस्थ स्वतः अंध. ते म्हणाले, “ताई, पालकांसाठी पुढच्या वेळी वेगळा वेळ ठेवलाय. आज त्याला बोलू द्या.” आईला ते लागलं, चेहऱ्यावर दिसलं. मुलगा बराच वेळ गप्प. दुभाष्यांचे हातसुद्धा थांबलेले. मग म्हणाला, “माझी बस निळी होती. आता सगळ्या पांढऱ्या.”

उलगडा व्हायला वीस मिनिटं लागली. तो दोन वर्षं एकटा बसने कामाला जात होता. नंबर वाचता येत नव्हता, रंग ओळखता येत होता. मग सगळ्या बस एका रंगात रंगवल्या आणि तेव्हापासून आई त्याला सोडायला जाते. वाहतूक खात्याच्या दप्तरी रंगकाम ही सुधारणा. भत्त्याच्या दप्तरी मुलाच्या नावापुढे शेरा, ‘स्वतंत्रपणे प्रवास करू शकत नाही’. दोन दप्तरं, दोन्ही नोंदी खऱ्या, आणि या दोघींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्या मुलाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

चर्चा चालवणाऱ्या गृहस्थांनी यावर मायकल ऑलिव्हर यांची आठवण काढली. ते ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ, स्वतः चाकाच्या खुर्चीत. १९८०च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी सर्वेक्षणात अपंगांना विचारलं होतं, शरीराच्या कुठल्या तक्रारीमुळे तुम्हाला वस्तू धरणं, घट्ट पकडणं, फिरवणं जड जातं? ऑलिव्हर यांनी १९९० साली तो प्रश्न उलटा करून दाखवला: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या घडणीत काय खोट आहे, म्हणून तुम्हाला ते जड जातं? आयुष्यभर झाकणांशी झगडलेली मी, आणि खोट झाकणातही असू शकते हे मला साठीत कळतंय.

त्यांनीच ल कोर्टची हकिगतही सांगितली. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातलं हे अपंगांचं निवासगृह. १९६०च्या दशकात तिथल्या रहिवाशांना, पॉल हंट त्यांतले एक, निवासगृहाच्या कारभारात आपलं म्हणणं चालावं असं वाटत होतं. त्यांच्याच पुढाकाराने संशोधक आले, राहिले, बोलले. १९७२ साली निष्कर्ष छापून आले ते रहिवाशांच्या दृष्टीने व्यवस्थेचीच बाजू घेणारे. निःपक्ष असल्याचं सांगून यांनी आम्हाला विकलं, असा हंट यांचा राग. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून अपंगांच्या संघटनेची हाक दिली. ही गोष्ट आम्हाला सांगणं संस्थेच्या फायद्याचं नव्हतं. तरी सांगितली. अर्धा तारा त्याचा.

आता कापाकापी. मसुदा आला तो १४० पानांचा. शेरे द्यायला चार आठवडे. सोप्या भाषेतली, चित्रांची प्रत आली तीन आठवड्यांनी आणि मुदत तीच. म्हणजे ज्यांना वाचायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांना सात दिवस. पहिली पीडीएफही अशी होती की स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक पानावर ‘चित्र’ एवढंच म्हणून पुढे सरकायचा. चर्चा चालवणाऱ्या गृहस्थांनाच ती वाचता येईना. तेरा महिने आम्हाला ऐकण्यात गेले आणि शेवटच्या महिन्यात गाडी मूळ पदावर.

मसुद्यात मी माझं व्हाउचर शोधलं. मी मुलाखतीत म्हटलं होतं, “चांगल्या दिवशी तुमच्या तपासनिसासमोर मी जिना चढून दाखवते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात असते. त्या दोन दिवसांचा रकाना तुमच्या अर्जात नाही.” मसुद्यात त्याचं झालं होतं, “काही सहभागींना कार्यक्षमतेत चढउतार जाणवतात.” माझ्या वाक्यात एक जिना होता, एक तपासनीस होता आणि एक गहाळ रकाना होता. अहवालाच्या वाक्यात फक्त सहभागी उरले, आणि चढउतार जाणवणं हा त्यांचाच दोष असल्यासारखा. निळ्या बसचं झालं होतं, “प्रवासातील अडथळे”.

मी नऊ पानांचे शेरे पाठवले. प्रत्येक शिफारशीपुढे ती कुणाच्या कुठल्या बोलण्यातून आली त्याचा क्रमांक टाका, ही मुख्य मागणी. नावं नकोत, क्रमांक पुरे. अंतिम अहवालात जिना परत आला, शब्द न शब्द, आणि बसही आली. क्रमांक आले नाहीत. ‘वाचनसुलभतेसाठी’ वगळले म्हणे.

मग खात्याचं उत्तर. शिफारशी २३. मान्य ४, अमान्य ३, तत्त्वतः मान्य १६. ज्यांनी हिशेब लिहिलेत त्यांना सांगायला नको: रक्कम कुठे टाकावी कळेना की ती उचंत खात्यात जाते आणि वर्षअखेरीला तिथेच सापडते. तत्त्वतः मान्य म्हणजे उचंत खातं. मुदत नाही, जबाबदार अधिकारी नाही, तरतूद नाही. तीन अमान्य शिफारशींना निदान कारणं तरी दिली होती, त्यामुळे त्यांचा मला कमी राग आला. मान्य झालेल्या चारांमध्ये अर्जाचा नवा रकाना आहे: गेल्या ३० दिवसांत अवघड दिवस किती होते, आणि एखादं काम केल्यानंतर सावरायला किती वेळ लागला? आमच्यातल्या सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगितलं होतं. बस उचंत खात्यात आहे.

अशा अभ्यासात भाग घ्यावा का, असं दोघीतिघींनी विचारलं. घ्या, पण संमतीपत्र वाचून. त्यात ‘माहिती गोळा करणं’ म्हटलंय की ‘सल्लामसलत’, ते बघा. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटलंय की आमच्याविषयीचे निर्णय घेताना आमच्याशी, आमच्या संघटनांमार्फत, जवळून सल्लामसलत करायची आणि आम्हाला त्यात सामील करून घ्यायचं. पण शब्दांच्या फटीतून बरंच काही निसटतं. ब्रिटनने २०२१ साली अपंगांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं, त्याआधी एक ऑनलाइन सर्वेक्षण घेतलं. ही सल्लामसलत पुरेशी नव्हती म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने धोरण बेकायदा ठरवलं. २०२३ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण सर्वेक्षण ही केवळ माहिती गोळा करण्याची खटपट होती, सल्लामसलतीचे नियम तिला लागूच नव्हते. एक शब्द, आणि सगळा दावा गेला.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्याचं बोलावणं आलं. नव्या अर्जाची चाचणी घ्यायची आहे. मी दोन अटी घातल्या. सोप्या भाषेतली प्रत मोठ्या प्रतीच्या आधी निघाली पाहिजे आणि शिफारशींना क्रमांक पाहिजेत. पहिली लेखी मान्य झाली. दुसरी तत्त्वतः.

संमतीपत्रावर ‘माहिती गोळा करणं’ होतं. ते खोडून ‘सल्लामसलत’ लिहिलं, शेजारी आद्याक्षरं टाकली आणि दुपारी ३ वाजता सही केली. सकाळी केली असती तर बँकेतल्या सहीशी जुळली नसती.