लांज्याजवळच्या आमच्या घरातलं फायबर: अकरा महिन्यांनंतर

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी फायबरची, म्हणजे काचेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटची, जोडणी आली. आता मे संपत आलाय. जोडणी घेतली तेव्हाच बऱ्याच जणांनी विचारलं होतं, कसं काय चालतंय. तेव्हा मी एवढंच म्हणायचे, एक पावसाळा जाऊ द्या, मग सांगते. पावसाळा झाला, गणपती झाले, लेकीची बारावी आणि सीईटीही झाली. आता सांगण्यासारखं बरंच आहे.

आमचं गाव लांजा तालुक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि लेक. माणसं चार, फोन तीन. लेकीला स्वतंत्र फोन दिलेला नाही, ती माझ्या नाहीतर आजीच्या हॉटस्पॉटवर टॅब चालवायची. तिन्ही फोनवर २९९ रुपयांचं, रोज दीड जीबीचं, २८ दिवसांचं रिचार्ज. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने तेरा होतात, हे घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता घेतलेली योजना: वेग ३० एमबीपीएस, महिना ३९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४७१. सहा महिन्यांचे एकदम भरले तर जोडणीचा खर्च माफ होता, म्हणून २,८२५ रुपये भरले. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या वाडीपर्यंत तार एकाच कंपनीची आलीय, त्यामुळे ही चांगली की ती, हा प्रश्नच नव्हता. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी वेगाचं. राउटर बसवायला आलेल्या मुलाने तो ओटीवर, दाराच्या वर लावला, कारण तार तिथूनच आत येते. ओटीवर वेग २९-३० मिळाला आणि माजघरात ४ सुद्धा नाही. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, भिंत हातभर जाड. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय त्या भिंतीपलीकडे जवळजवळ पोचतच नाही, २.४ वालं जेमतेम पोचतं. तिसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावून दहा मीटर तार वाढवून घेतली आणि राउटर माजघराच्या दारावर आणला. आता स्वयंपाकघरात १५, पडवीत १८-२० मिळतात. ज्यांची घरं चिऱ्याची आहेत त्यांना माझं सांगणं, तो मुलगा शिडी लावायच्या आधी राउटरची जागा तुम्ही ठरवा. नंतर तार वाढवायचे आमच्याकडून वेगळे ३०० घेतले.

पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो वेगाचा नाही, मोजणी थांबल्याचा आहे.

पहिला महिनाभर लेक रात्री पावणेबाराला उठून बसायची. मला वाटलं, अभ्यास करतेय. एकदा पाणी प्यायला उठले तर ही टॅबवर भौतिकशास्त्राची लेक्चरं डाऊनलोड करत होती. दिवसाचा उरलेला डेटा बाराच्या आत संपवायचा, नाहीतर वाया जातो, ही तिची दोन वर्षांची सवय. ‘अगं, आता कशाला?’ म्हटल्यावर ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘खरंच की.’ त्या रात्री मला माझीच आठवण झाली. २००८ साली आम्ही रत्नागिरीत भाड्याने राहायचो. बीएसएनएलची ५०० रुपयांची योजना होती, दिवसा डेटा मोजका आणि रात्री २ ते सकाळी ८ मोजणी बंद. मिस्टर पावणेदोनचा गजर लावून उठायचे, डाऊनलोड लावून द्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. मधे इतकी वर्षं गेली, तार तांब्याची होती ती काचेची झाली, आणि आमच्याच घरात पोरगी पुन्हा घड्याळ लावून जागी.

सासूबाईंचं सांगते. त्या शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या गाण्यांच्या सामन्याच्या, बाऱ्या बघतात. पूर्वी एक गाणं लावायच्या आणि अर्ध्यावर बंद करायच्या, ‘नातीचं नेट संपेल’ म्हणून. आता दुपारी जेवणं झाली की दीड-दीड तास अख्खी बारी ऐकतात, गणेशवंदनेपासून. त्यांना एमबीपीएस काय ते ठाऊक नाही, पण कुणाचं काही संपत नाही एवढं पुरतं कळलंय.

गणपतीत कस लागला. मुंबईहून दोन दीर आणि पुण्याहून नणंद, सगळे कुटुंबासकट. घरात चौदा फोन आणि दोन लॅपटॉप. धाकट्या दिरांनी रजा दोनच दिवसांची घेतली होती, बाकी चार दिवस पडवीत बसून कंपनीचं काम केलं. दरवर्षी गौरीविसर्जनाच्या आधीच त्यांना परतावं लागायचं, या वर्षी राहिले. त्या महिन्यात वापर ७८० जीबी दिसला, एरवी अडीचशे-तीनशे असतो. रात्री आठ ते दहा वेग पडायचा, व्हिडिओ कॉल अडकायचे, पण काम थांबलं नाही.

आता जुलैचं. १४ तारखेला रात्री वारा सुटला, वरच्या वळणावर झाड पडलं आणि राउटरवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागला. तो लागला म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पहिले दोन दिवस ‘माणूस येतोय’. तिसऱ्या दिवशी तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद केल्याचा मेसेज आला, दिवा लालच. पुन्हा नोंदवली. वीस तारखेला दुपारी माणूस आला.

त्याचं काम मी छत्री धरून उभी राहून पाहिलं. मोटारसायकलच्या सीटवर त्याने जोडणीचं मशीन ठेवलं. तारेचं काळं आवरण सोललं, आत केसापेक्षा थोडी जाड अशी काचेची कोर. ती पुसली, टोक सरळ कापलं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर दोन पट्ट्या जवळ आल्या, एक बारीक ठिणगी, आणि त्या एक झाल्या. वर नळी सरकवून गरम केली. मग मीटर लावून म्हणाला, ‘मॅडम, पॉवर उणे एकवीस, मस्त.’ सगळं मिळून पंचवीस मिनिटं. मला त्या मुलाचा राग आला नाही. तालुक्यातल्या चाळीसेक गावांना मिळून असे दोनच जण आहेत, असं तो सांगत होता. पंचवीस मिनिटांच्या कामाला सहा दिवस लागतात ते माणसं कमी ठेवल्यामुळे.

त्या सहा दिवसांचे पैसे मी मागितले. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ सालीच ब्रॉडबँडच्या सेवेबद्दल नियम केले होते. बिघाड कामाच्या तीन दिवसांवर गेला तर सात दिवसांचं भाडं परत, सातावर गेला तर पंधरा दिवसांचं, पंधरावर गेला तर महिन्याचं. २०२४ मध्ये त्यांच्या जागी सेवेच्या दर्जाचे नवे नियम आले. ग्राहक सेवेतल्या मुलीने आधी ‘नैसर्गिक आपत्तीत मिळत नाही’ सांगितलं. मग मी कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे लेखी अर्ज केला. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ते ठेवावंच लागतं आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तीन आठवड्यांनी मुदत सात दिवसांनी वाढवून मिळाली. रक्कम बघाल तर ९३ रुपये. तरीही मी प्रत्येकाला सांगते, मागा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, पण नियम तिने करून ठेवलेत आणि ते वापरायचे आपणच.

विजेचं काय? वीज गेली की राउटर बंद, हे उघड. ऑगस्टमध्ये १,४०० रुपयांचा छोटा यूपीएस घेतला, तीन तास चालतो. पण कंपनीची तार इथे सांभाळणाऱ्या केबलवाल्याच्या टोकाची बॅटरी उतरली की आपल्या यूपीएसचा काही उपयोग नाही. वीज बराच वेळ गेली तेव्हा दोनदा तसं झालं.

आता पैशाचा हिशेब, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फायबर आल्यावर मी आणि सासूबाईंनी डेटाचं रिचार्ज सोडलं. घरात वायफाय असताना फोनवर फक्त बोलायचं. असं फक्त बोलण्याचं रिचार्ज मिळायला लागलं तेही ट्रायमुळेच. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना डेटाविना योजना देणं बंधनकारक केलं, आणि आता साडेचारशेच्या आसपास ८४ दिवस मिळतात. मिस्टर फिरतीवर असतात, त्यांचं २९९ चं तसंच ठेवलं.

पूर्वी तीन फोनचे वर्षाला ११,६६१ रुपये जायचे. आता फायबरचे ५,६५० च्या घरात, मिस्टरांचे ३,८८७ आणि दोन बोलण्याच्या रिचार्जचे मिळून सुमारे ३,९००. बेरीज १३,४०० च्या वर. म्हणजे पैसे वाचले नाहीत, वर्षाला १,८०० च्या आसपास वाढले. आम्हा दोघांचा पगार आहे, आम्हाला झेपतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी हे झेपत नाही. वाडीत घरं तेवीस आहेत आणि जोडण्या पाच.

इथे मला ट्रायची ३१ ऑगस्ट २०२१ ची शिफारस आठवते. कोविडच्या काळात शाळा फोनवर भरत होती, तेव्हा मी हे सगळं वाचत असायचे, कारण माझी निम्मी मुलं त्या शाळेत येऊच शकत नव्हती. ब्रॉडबँड वाढवण्याच्या त्या आराखड्यात ट्रायने म्हटलं होतं की ग्रामीण भागात प्रायोगिक तत्त्वावर मासिक भाड्याची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त २०० रुपये, थेट ग्राहकाच्या खात्यात जमा करावी. ३९९ चे निम्मे म्हणजे जवळजवळ २००. वर्षाचे २,४००. आमच्या घरचे ते १,८०० त्यात भरून निघून वर ६०० उरले असते. पण ट्राय शिफारस करते, निर्णय सरकारचा असतो. आमच्या वाडीत कुणाच्या खात्यात असा एक रुपया आजवर जमा झालेला नाही. उलट ३९९ वर दर महिन्याला ७२ रुपये कर आम्हीच भरतो.

ब्रॉडबँडचे दर ट्राय ठरवून देत नाही, ते कंपन्या ठरवतात, आणि स्पर्धा असेल तर ते खाली येतील असं धरलेलं असतं. शहरात येतातही. आमच्याकडे एकच तार. २००४ साली ट्रायने सुचवलं होतं की सरकारी कंपनीच्या तांब्याच्या तारा इतरांनाही वापरू द्याव्यात. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ते बंधनकारक झालं नाही. झालं असतं तर खेड्यापाड्यात आज काय चित्र असतं, हा विचार माझ्या मनात राहून राहून येतो. त्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएस. चार माणसांच्या घराला दोन पुरत नाहीत, पण निदान आकडा हलला.

ठरावीक भाड्याचं नेट खरोखर ठरावीक राहिलं, त्यातही नियमाचा हात आहे. पूर्वी डेटाची मर्यादा संपली की वेग इतका खाली यायचा की मेल उघडायला पाच मिनिटं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने सांगितलं की घरगुती ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही, आणि ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळवायचं. आमच्या योजनेची मर्यादा ३,३०० जीबी आहे. गणपतीतही आम्ही तिच्या चौथाईपर्यंतच गेलो.

ज्यांना महिना ४७१ शक्य नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट चांगली झालीय. पीएम-वाणी योजनेत दुकानदार आपल्या दुकानात सार्वजनिक वायफाय ठेवून थोड्या पैशांत विकू शकतो, पण त्याला घरगुती दरात जोडणी द्यायला कंपन्या तयार नसत. जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. आमच्या एसटी थांब्याजवळच्या किराणावाल्या दादांना मी हे छापून नेऊन दिलंय. ते म्हणतात, बघू. त्यांच्या दुकानापुढच्या बाकावर माझ्या वर्गातली चार मुलं रोज संध्याकाळी बसलेली असतात, म्हणून मी मागे लागलेय.

जोडणी घ्यावी का? घरात शिकणारं मूल असेल, किंवा परगावी असलेल्या माणसाला चार दिवस जास्त गावात ठेवायचं असेल, तर घ्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त पैसे आगाऊ भरू नका. तक्रार केली की नंबर वहीत लिहून ठेवा, तारखेसह. केबलवाल्याचा स्वतःचा नंबर घ्या, कंपनीच्या नंबरापेक्षा तो लवकर लागतो.

पुढचे २,८२५ मी काल भरले. परसातल्या फणसाची एक फांदी तारेवर टेकायला लागलीय. मिस्टरांना सांगितलंय, मृगाच्या आत ती उतरवायला हवी. रविवारी गडी येणार आहे.