जुना ट्रक कॅम्पर घरी दुरुस्त केला, त्यानंतरच्या अकरा महिन्यांचा अनुभव

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारा, लाकडी सांगाडा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेला 25 वर्षांपूर्वीचा एक कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेला डबा, मी घेतला आणि आठ महिने शनिवार-रविवारी खपून घरीच दुरुस्त केला. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत मी आणि माझी पत्नी त्यात 63 रात्री झोपलो आणि सुमारे 9,000 किलोमीटर फिरलो. त्यांपैकी निदान एक तृतीयांश अंतर कच्च्या, दगडगोट्यांच्या आणि ओढ्यानाल्यांच्या वाटांवरचे होते. एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे. जिथे जिथे मी आधी पाण्याचा विचार केला, तिथले काम टिकले. आणि जिथे सजावटीच्या उत्साहात पाणी विसरलो, तिथे मला पुन्हा हत्यारे हातात घ्यावी लागली. पाणी म्हणजे केवळ पाऊस नव्हे. टाकीत भरून नेलेले पाणी आणि रात्री आपल्याच श्वासातून बाहेर पडणारे पाणीही त्यातच येते.

कॅम्पर घेतला तेव्हा तो बाहेरून बरा दिसत होता. आतल्या भिंतीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट डाग होता आणि तिथला पातळ प्लाय किंचित फुगला होता. तो प्लाय काढून मागच्या उभ्या पट्टीत स्क्रूड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले, तर ते मुठीपर्यंत आत गेले. लाकडाचा ओला, काळपट भुसा झाला होता आणि तो बोटांनी उकरून काढता येत होता. पाणी नेमके कुठून आले हे शोधायला मला दोन दिवस लागले, कारण डागाच्या वर छताचा सांधा शाबूत होता. ते शिरत होते तिथून सुमारे दीड मीटर पुढे, छताच्या कडेच्या पट्टीखालून, आणि आडव्या दांड्यावरून वाहत येऊन कोपऱ्यात साचत होते. म्हणून जुना कॅम्पर पाहणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे की, डाग दिसतो तिथे गळती असेलच असे मानू नये आणि डाग लहान आहे म्हणून कूज लहान असेल असेही समजू नये. माझ्या कॅम्परच्या समोरच्या भिंतीतले, म्हणजे केबिनच्या वर येणाऱ्या पलंगाखालचे जवळजवळ सगळे लाकूड बदलावे लागले.

लाकडातील ओल दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती मिळते. बाहेरच्या बाजूला पत्रा असल्यामुळे आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट नसते. मी ओल मोजण्याचे दोन सुयांचे साधे यंत्र घेतले, आणि या सगळ्या कामात मला सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू तीच आहे. सांगाडा उघडा करून छपराखाली तीन आठवडे वाळवला आणि सगळीकडे 14 टक्क्यांच्या खाली आकडा आल्यावरच नवे लाकूड जोडायला घेतले. या तीन आठवड्यांत अधीर होऊन काम पुढे रेटण्याचा मोह फार होतो. तो आवरला नसता तर नव्या प्लायच्या आड जुनीच ओल कोंडली गेली असती.

सांगाडा बांधताना एका वेळी एकच भिंत सोडवली, कारण पत्रा आणि प्लाय काढल्यावर हा डबा कागदी खोक्यासारखा तिरका होऊ शकतो. प्रत्येक भिंतीचे दोन्ही कर्ण मोजून पाहिले. मागच्या भिंतीत त्यांचा फरक 11 मिलिमीटर निघाला, म्हणजे दार नीट न लागण्याचे कारण बिजागरीत नव्हतेच, चौकट कललेली होती. पट्ट्याचा ताण देऊन तो फरक 2 मिलिमीटरवर आणला आणि मगच सांधे चिकटवले. लाकडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप वापरण्याचाही विचार केला होता. परंतु अ‍ॅल्युमिनियम उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक वाहून नेते आणि थंडीत त्या प्रत्येक पाइपवर दव धरले असते. घरच्या हत्यारांनी लाकडाचा सांधा अधिक खात्रीचा होतो, हेही तितकेच खरे. सांध्यांना जलरोधक गोंद आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू दोन्ही वापरले. जुन्या साध्या लोखंडी स्क्रूंभोवती लाकूड काळे पडून भुसभुशीत झाले होते आणि काही स्क्रूंची डोकी नुसत्या पान्याच्या स्पर्शाने तुटून आली.

गळती रोखण्याचे काम मला सविस्तर सांगावेसे वाटते. आधीच्या मालकाने प्रत्येक फटीवर सिलिकॉन थापले होते. सिलिकॉनचा पातळ थर जरी मागे राहिला तरी त्यावर दुसरे काहीच धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे ते खरवडून, घासून, पुसून काढण्यातच माझे चार शनिवार-रविवार गेले. त्यानंतर कडेच्या प्रत्येक पट्टीखाली, खिडक्यांच्या चौकटींखाली आणि छतावरच्या झाकणांखाली ब्यूटाइलची, म्हणजे मऊ आणि चिकट रबराची, पट्टी घातली. ब्यूटाइल थंडीत ताठ होते, पण वाळून कडक होत नाही. सांगाडा हलला तर तेही त्याच्याबरोबर हलते, आणि खडबडीत वाटेवर चालणाऱ्या वाहनाला नेमके हेच हवे असते. मात्र स्क्रू एकदम घट्ट आवळू नयेत. आधी बेताने आवळावेत, दोन-तीन दिवसांत पट्टी दबून बाहेर आली की पुन्हा आवळावेत आणि मग बाहेर आलेला भाग प्लॅस्टिकच्या पात्याने कापावा.

छतावरच्या पंख्याच्या बाबतीत मी हा नियम पाळला नाही. तो एका थंड सकाळी, ब्यूटाइल ताठ असताना बसवला आणि नंतर त्याकडे पाहिले नाही. उन्हाने पट्टी मऊ झाली, स्क्रू सैल पडले आणि पाचव्या महिन्यात मुसळधार पावसाच्या रात्री पलंगाच्या पायथ्याशी थेंब पडू लागले. अकरा महिन्यांतली ही एकच गळती आहे. तिचा शोध लावताना एक पद्धत कामी आली: सर्व झडपा आणि खिडक्या बंद करून, एका खिडकीच्या जागी पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरने आत हवा भरली आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. पंख्याच्या उजव्या कोपऱ्यात लगेच बुडबुड्यांची माळ उठली. पाण्याचा पाइप सोडून तासन्‌तास वाट पाहण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी अधिक खात्रीची आहे, आणि आता मी ती दर सहा महिन्यांनी करतो.

कॅम्पर ट्रकवर बसवण्याचे काम मी एका कार्यशाळेकडे दिले होते आणि तो निर्णय चुकला. त्यांनी तो हौद्याच्या पत्र्याला चार ठिकाणी ताठ बोल्टांनी जखडून टाकला. शिडीसारख्या चासीचा, म्हणजे तळाच्या लोखंडी सांगाड्याचा, ट्रक तिरक्या चरातून जातो तेव्हा चासी पिळवटते, हौदा एका बाजूला झुकतो आणि कॅम्परचा डबा मात्र पिळायला तयार नसतो. हा सगळा ताण त्या चार बोल्टांवर येतो. दुसऱ्याच प्रवासात हौद्याच्या पत्र्याला एका बोल्टाभोवती केसासारखी चीर गेली. मग बांधणीचे कान मी थेट चासीला जोडून घेतले, त्यांवर स्प्रिंग असलेले ताणदांडे लावले आणि कॅम्परखाली जाड रबराची चटई घातली, जेणेकरून डबा सरकणार नाही. तेव्हापासून चीर वाढलेली नाही, आणि आतल्या कपाटांची करकरही बरीच कमी झाली.

वजनाबद्दल माझा अंदाज साफ चुकला होता. रिकामा कॅम्पर वजनकाट्यावर 610 किलो भरला, आणि सामान, पाणी, बॅटरी, गॅस धरून तो 850 च्या पुढे गेला. ट्रकच्या नोंदलेल्या भारक्षमतेतच माणसांचे वजनही बसवावे लागते, हे पुष्कळ जण विसरतात. माझी 70 लिटरची पाण्याची टाकी मी सोयीसाठी दाराजवळ, मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसवली होती. तिथले 70 किलो तरफेसारखे काम करून पुढची चाके हलकी करत होते, आणि चढावर स्टिअरिंग अस्वस्थ करण्याइतके सैल लागत होते. सातव्या महिन्यात टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे, तळाशी नेली आणि ट्रकचे चालणेच बदलले. नुसते मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटे घालून हा दोष झाकला गेला असता, पण दूर झाला नसता.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसरचा फ्रीज पहाटेच्या सुमारास आपोआप बंद पडत असे आणि मी दोष बॅटरीला देत होतो. बॅटरी 100 अँपिअर-तासांची, लिथियम आयर्न फॉस्फेटची आणि नवी होती. मूळ दोष होता जुन्या वायरचा. दीड चौरस मिलिमीटर जाडीची वायर पाच मीटर जाऊन पाच मीटर परत येत होती. तांब्याच्या रोधाप्रमाणे हिशेब केला, तर 5 अँपिअरला त्या वायरमध्येच सुमारे 0.57 व्होल्ट खर्ची पडत होते, आणि फ्रीज सुरू होतानाच्या क्षणी तर त्याहून अधिक. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर हीच घट 0.15 व्होल्टच्या आत आली आणि फ्रीज पुन्हा कधी बंद पडला नाही. प्रत्येक वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा, आणि या प्रकारची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. म्हणून मी ती बाहेरच्या पेटीतून काढून पलंगाखाली आणली.

आता आतल्या ओलीविषयी. भिंतींत 25 मिलिमीटर जाडीचे एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन (उष्णता अडवणारा कडक फोम) बसवले आहे आणि उबेच्या दृष्टीने मी त्यावर समाधानी आहे. परंतु दोन माणसे रात्रभर झोपली की श्वास आणि त्वचा यांतून अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत जाते आणि ते सर्वांत थंड पृष्ठभागावर जमते. पहिल्या थंडीत गादी उचलली, तर तिची खालची बाजू हाताला ओली लागली आणि प्लायवर बुरशीचे करडे ठिपके उमटले होते. तो सलग प्लाय काढून तिथे लाकडी पट्ट्यांची जाळी केली, जेणेकरून खालून हवा खेळावी. कितीही थंडी असली तरी पंख्याची झडप बोटभर उघडी ठेवतो. गॅसची शेगडी ऊब मिळवण्यासाठी पेटवणे आम्ही पूर्ण बंद केले. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते, आणि बंद जागेतील कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर जिवावरचा आहे. त्याऐवजी दोन किलोवॉटचा डिझेल हीटर बसवला. तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो, त्यामुळे आत कोरडी ऊब मिळते. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र उशाशी आहेच. गॅसचा कप्पा आतून पूर्ण बंद असून त्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी आहे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खाली साचतो.

आतल्या सामानात खण आणि कपाटे यांच्या चुंबकी कड्या पहिल्याच खडबडीत वाटेवर निकामी ठरल्या. आता सगळीकडे दाबून उघडणाऱ्या, खाचेत अडकणाऱ्या कड्या आहेत. घडीचे टेबल फारसे वापरले गेले नाही आणि ते काढून टाकल्याने नऊ किलो वाचले. पलंगाची लांबी दहा सेंटिमीटरने वाढवली, हा या सगळ्यातला सर्वांत सुखद बदल ठरला.

गेल्या आठवड्यात ओल मोजण्याचे यंत्र पुन्हा सर्व कोपऱ्यांवर फिरवले. तीन कोपऱ्यांत आकडा 11 ते 13 टक्क्यांच्या दरम्यान आला. डाव्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात मात्र तो 17 होता, आणि दोन महिन्यांपूर्वी तिथेच 13 होता. येत्या शनिवारी तिथली कडेची पट्टी सोडवून ब्यूटाइल नव्याने घालणार आहे.