दिवाळी ते गणपती, देवगडात: रेसिंग व्हील आणि पेडलचा अनुभव

लेकीला फॉर्म्युला ४ (एफ४), म्हणजे नवोदितांची एकाच सीटची रेसिंग गाडी, चालवायचीय. सोळावं सरत आलंय, म्हणजे वयाची अडचण नाही. एफ४ला पंधरा पूर्ण लागतात. अडचण अंतराची. एलजीबी फॉर्म्युला ४, ती स्विफ्टच्या १३०० सीसी इंजिनची गाडी, धावते कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेची मान्यता असलेली भारतीय एफ४ २०२३ला सुरू झाली, ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला. आम्हाला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे कोल्हापूरचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांचा ट्रॅक, तोही फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे. दर शनिवारी हे जमणारं नाही. म्हणून दिवाळीत घरी कॉम्प्युटरला जोडायचं रेसिंग व्हील आणि पेडल आणलं. आता त्याच्यावरून एक अख्खा पावसाळा गेलाय, तेव्हा सविस्तर लिहिते.

व्हील डायरेक्ट ड्राइव्ह आहे, ५ न्यूटन मीटर जोराचं. म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर, मध्ये पट्टा नाही की गिअर नाहीत. पुढची चाकं घसरायला लागली की हातातला जोर एकदम हलका होतो, आणि हे पडद्यावर दिसायच्या आधी हाताला कळतं. एफ४ गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं, तेव्हा हातांना थोडी मेहनत पडलेली बरीच. पहिल्या आठवड्यात आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गाडी तर हलना नाय, मगे तुका घाम कित्याक इलो गो?"

पण खरा फरक पेडलने पडला. सेटसोबत आलेलं ब्रेक पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोड सेलचं पेडल पायाने किती जोर लावला ते मोजतं. फॉर्म्युला गाडीच्या ब्रेकला आपल्या घरच्या गाडीसारखा बूस्टर नसतो; पाय दाबेल तेवढाच ब्रेक. आधी पूर्ण जोरात दाबायचं आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत न्यायचं, हे 'ट्रेल ब्रेकिंग' पायाला जोराच्या अंदाजानेच बसतं. उन्हाळ्यात लोड सेल घेतला आणि महिन्याभरात तिच्या फेऱ्यांच्या वेळा एकसारख्या यायला लागल्या. वेग फार वाढला नाही, पण चुका कमी झाल्या, आणि मला तेच मोलाचं वाटतं. सराव असेटो कोर्सा या रेसिंग गेमवर चालतो. त्यात टाटूस कंपनीची फॉर्म्युला अबार्थ गाडी मुळातच आहे; आपल्याकडच्या एफ४ स्पर्धेत मिगाल कंपनीची गाडी असते, तरी सवयीसाठी ही चालते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा मॉडही, म्हणजे हौशी लोकांनी गेमसाठी बनवलेला ट्रॅकही मिळतो.

लोड सेलला बैठक मात्र भक्कम हवी. चाकं असलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर बसून जोरात ब्रेक दाबला की खुर्चीच मागे पळते. सुताराकडून फणसाच्या जुन्या फळ्यांची चौकट करून घेतली, पेडल आणि खुर्ची दोन्ही तिलाच बोल्टने आवळली. अशा तयार चौकटीच्या (रिगच्या) किमतीच्या मानाने खर्च अगदीच थोडा, आणि कुरकुरसुद्धा नाही.

आता पावसाळा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. जुलैत सेटसोबतचं जुनं ब्रेक पेडल पुन्हा जोडलं, तर त्याने दगा दिला. पाय वर घेतलेला असतानाही पडद्यावरची ब्रेकची लाल पट्टी मुंगीएवढी थरथरत होती, म्हणजे गाडी सारखी किंचित ब्रेक लावून धावत होती. आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे पाय किती खाली गेला ते मोजणाऱ्या भागात, खारी दमट हवा शिरली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की चार दिवस बरं, पुन्हा तेच. कंपनीला पाठवलं तर मुंबईला जाऊन परत यायला अख्खा श्रावण गेला, आणि दुरुस्ती न करताच आलं. याचा मला अजून राग आहे. ते पेडल आता माळ्यावर आहे. लोड सेलला तसा त्रास झाला नाही, पण बोल्टना गंज चढला. ते स्टेनलेसचे घालून घेतले. स्टिअरिंगच्या रिंगवरच्या मऊ कापडी आवरणाला बुरशी आली, तेव्हा रबरी पकडीची रिंगच घ्या. रात्री सगळं प्लॅस्टिकच्या कापडाखाली झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. लाइट अधूनमधून जातेच, म्हणून कॉम्प्युटर आणि व्हील दोन्ही यूपीएसवर.

पाऊस उघडल्यावर तिला कोल्हापूरला नेलं. ब्रेक कुठे लावायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, मागचा जवळ आला तरी घाबरायचं नाही, हे सगळं घरून आलेलं स्पष्ट दिसत होतं. मान आणि बरगड्या मात्र दहा मिनिटांत बोलायला लागल्या. कार्टला सस्पेन्शन नसतं, प्रत्येक खड्डा अंगावर येतो, आणि वळणातली ओढ घरच्या खुर्चीत कधीच लागत नाही. आता ती रोज संध्याकाळी मानेचा व्यायाम करते.

पैसे मोजके असतील तर व्हील साधं घ्या आणि पेडल लोड सेलचं घ्या. उरलेले पैसे ट्रॅकवरच्या दिवसांसाठी आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या परवान्यासाठी बाजूला काढा. मुलाला नुसता गेम खेळायचा असेल तर एवढा खर्च करू नका, साधा कंट्रोलर पुरतो. आम्ही पुढचा पैसा व्हीलवर घालणार नाही, कोइम्बतूरच्या प्रशिक्षणाला ठेवलाय.