तळघरातला अर्धा एचपीचा मड पंप: जून ते नोव्हेंबर वापरल्यावर

पंपाबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिंगल फेज, अर्धा एचपी, फ्लोटवाला (पाण्यासोबत वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच), पाण्यात बुडवून गढूळ पाणी उपसायचा साधा मड पंप. सगळ्या झडीत मोटरनं दगा दिला नाही. पण पंप आणून तळघरातल्या पाणी जमायच्या खड्ड्यात सोडला की तळघर कोरडं राहील, या हिशेबानं कोणी घेत असेल तर थांबा. बंद पडतं ते पंपाच्या आजूबाजूचं: फ्लोट, लाईन म्हणजे वीज, आणि पाणी बाहेर सोडतो ते टोक. एचपी वाढवण्यापेक्षा पैसे तिकडे घाला.

भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. मृगाचं पाणी त्या भेगांतून थेट पायव्याशी उतरतं. मग माती फुगते, भेगा बुजतात आणि झिरपा थांबल्यासारखा वाटतो. खरा झिरपा पोळ्याच्या आसपास, खालचा मुरूम भरून विहिरी वर आल्या की लागतो, आणि पाऊस उघडला तरी चालूच राहतो. त्यामुळे जुलैत कमी चालला म्हणून पंप काढून ठेवू नका. थरावर थर पडून रस्ता उंच झाला आणि जोतं खाली राहिलं, अशा घरांना हा त्रास जास्त.

किती मोठा पंप हवा ते दुकानदारापेक्षा खड्डाच नीट सांगतो. खड्डा ६० बाय ६० सेंमीचा असेल तर १ सेंमी पाणी म्हणजे ३.६ लिटर. झड लागलेली असताना पंप बंद करा आणि १ मिनिटात पाणी किती चढलं ते पट्टीनं मोजा. ५ सेंमी चढलं तर आवक मिनिटाला १८ लिटर. त्याच्या दुप्पट-तिप्पट उपसणारा पंप पुष्कळ झाला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा मात्र पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. तुम्हाला ३-४ मीटर चढवायचं असेल तर तक्त्यात त्या हेडसमोर, म्हणजे तेवढ्या उंचीसमोर, काय लिहिलंय ते बघा. गरजेपेक्षा फार मोठा पंप खड्डा क्षणात रिकामा करतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि या सततच्या चालू-बंदनंच मोटर जळते. फ्लोटचं चालू-बंदमधलं अंतर २५ सेंमी ठेवलं तर एका फेरीत ९० लिटर निघतात. मिनिटाला १०० लिटरचा पंप तेवढ्यासाठी मिनिटभर चालतो, ते ठीक.

फ्लोट हीच सगळ्यात कच्ची कडी. वायरीवर लोंबणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला टेकून अडकतो. वर अडकला तर पंप कोरडा फिरत राहतो, खाली अडकला तर चालूच होत नाही. वायरीची मोकळी लांबी वाढवली की चालू-बंदमधलं अंतर वाढतं, पण पूर्ण फेरीत तो कुठंही घासत नाही हे हातानं फिरवून बघा, अर्थात प्लग काढून. काळ्या मातीचा चिकट गाळ त्यावर बसतो, तो आठवड्यातून एकदा धुवा. पंप फरशीच्या तुकड्यावर बसवा, खाली सुटी गिट्टी नको. तळघरात सोयाबीन-तुरीची चुंगडी असतील तर उंदीर आलेच, म्हणून वायर पीव्हीसी पाइपातून न्या.

एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवा, पण त्याच्या खाली, पंपाच्या तोंडाजवळ पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा. नाहीतर आत हवा कोंडते आणि मोटर फिरूनही पाणी चढत नाही. चालताना त्या भोकातून चिळकांडी उडते, ती उडू द्या. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक करू नका. बाहेरचं टोक नालीच्या पाण्यात बुडालं आणि एनआरव्हीत कचरा अडकला, तर पंप थांबल्यावर सायफन होऊन नालीचं पाणी तळघरात येतं. टोक नालीच्या काठाच्या वर, उघडं ठेवा.

आता लाईन. वीज कडाडली की गावठाण फीडर जातो, आणि पाणी नेमकं तेव्हाच भरतं. अर्धा एचपी मोटर चालताना साधारण ६०० वॅट ओढते, पण सुरू होताना करंट त्याच्या चार-सहा पट लागतो. पंख्या-दिव्यांचा छोटा इन्व्हर्टर तिथंच ट्रिप होतो. प्युअर साइन वेव्ह, निदान दीड-दोन केव्हीए बघा, आणि घेण्याआधी पंप जोडून सुरू करून दाखवायला सांगा. १५० एएचची चांगली बॅटरी सलग चालवली तर दोनेक तास देते. पंप थांबून-थांबून चालत असल्यानं प्रत्यक्षात रात्र निघते. व्होल्टेज १७० च्या खाली गेलं की मोटर नुसती गुणगुणते, तापते आणि थर्मल कट होऊन थांबते. थंड झाली की आपोआप चालू होते, म्हणून लगेच मिस्त्रीकडे नेऊ नका. व्होल्टेज बरोबर असूनही गुणगुणत असेल तर आधी मोटर सुरू करायला मदत करणारा कपॅसिटर बदला, प्लेटवर लिहिलेल्याच मापाचा.

३० एमएचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच. तो पडला तर पंपही बंद, म्हणून फ्लोटच्या वर हातभर उंचीवर टाकी भरल्याचा बॅटरीवाला अलार्म लावा. शेतातलं इंजिन जोडायची वेळ आली तर इंजिन वर अंगणात, फक्त सक्शन पाइप खाली. तळघरात इंजिन सुरू केलं तर धुरातल्या वायूनं माणूस दगावतो.

रोहिणीत चाचणी घ्या. नुसता प्लग लावून मोटरचा आवाज ऐकणं पुरत नाही. फ्लोट स्वतः उचलला जाईपर्यंत बादल्या ओता. महिनोन्महिने कोरडा पडलेला पंप जाम असू शकतो. लाईन काढून स्क्रू ड्रायव्हरनं पंखा हलवून बघा. पंप वर काढायचा तो दोरीनं, वायरीला धरून ओढला तर केबलच्या तोंडातून पाणी मोटरमध्ये शिरतं. खड्ड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं सील गेलं, त्याच आठवड्यात बदलून घ्या.