झिजलेली लाकडी जमीन: बाटलीतलं पॉलिश की नवा कोट?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात सगळे बूट बाहेरच काढतात, तरी ओकच्या जमिनीचा दारालगतचा पट्टा पार निस्तेज झाला. कारण निघालं रांगोळी! दगडाची ती पूड पायाखाली पॉलिश पेपरसारखी घासते.

पूर्ण सँडिंग, म्हणजे मशीनने लाकूडच घासून काढणं, केलं तर घरभर भुसा आणि काही दिवस मुक्काम दुसरीकडे. ते टाळायचं तर दोन मार्ग उरतात. बाटलीतलं ॲक्रिलिक पॉलिश मॉपने पसरायचं, की झालं. 'बफ अँड कोट'मध्ये गोल फिरणाऱ्या मशीनला १२० किंवा १५० ग्रिटची (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) घासायची जाळी लावून जुन्या पॉलियुरेथेनचा, म्हणजे लाकडावरच्या पारदर्शक संरक्षक थराचा, फक्त वरचा पापुद्रा खरवडतात, धूळ टिपतात आणि वर एक नवा कोट देतात. खालच्या लाकडाला धक्का लागत नाही.

पैसे मोजण्याआधी झिजलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकून पाहा. टपोरा राहिला तर कोट शाबूत आहे. मुरून लाकूड काळवंडलं तर दोन्ही मार्ग विसरा, तिथे सँडिंगच हवं. नख अडकेल एवढी चरही कोटाने बुजत नाही.

मी आधी बाटलीच आणली. दिवाळीला पाहुणे यायचे होते आणि संध्याकाळपर्यंत जमीन लखलखली, हे खरं. देवघरापाशी समईचं तेल मुरलेलं होतं, तिथे मात्र पॉलिशने धरच घेतला नाही. होळीपर्यंत चालण्याच्या वाटेवर पुन्हा फिक्कट पट्टे. खरी गोम पुढेच आहे: या पॉलिशवर किंवा मेणावर नवा पॉलियुरेथेन नीट चिकटत नाही, सोलून येतो. कोट द्यायला आलेल्या माणसाने आधी ते सगळं उतरवलं आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

कोटाचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट, पण सँडिंगपेक्षा बराच कमी, आणि तो काही वर्षं टिकतो. पाण्यावर आधारित घ्या. तेलावर आधारित कोटाला वास जास्त येतो आणि तो काळानुसार पिवळसर पडत जातो. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चाललो. गालिचे मात्र दोन आठवडे गुंडाळूनच ठेवले होते. इंजिनिअर्ड वुड (प्लायसारख्या पाट्यावर खऱ्या लाकडाचा थर) असेल तर याच मार्गाकडे आधी पाहा. वरचा खऱ्या लाकडाचा थर पातळ असेल तर त्याला सँडिंग झेपत नाही.

भाड्याचं घर सोडताना बाटली पुरे. स्वतःच्या घरात मी ती पुन्हा आणणार नाही. समईखाली आता पितळी ताट असतं, रांगोळी पाटावर.