अ‍ॅपचे वर्ष संपत आले. नूतनीकरण करावे का?

पुण्यात वर्षभर इलेक्ट्रिक मोटारसायकल चालवल्यानंतर, गाडीच्या किमतीतच मिळालेली कनेक्टेड सेवा, म्हणजे गाडीला फोनवरील अ‍ॅपशी जोडणारी सेवा, आता संपत आली आहे आणि पुढील वर्षासाठी वेगळे पैसे भरावे लागणार आहेत. खरेदीच्या वेळी शोरूममधील विक्रेत्याने गाडीइतकाच वेळ अ‍ॅप दाखवण्यात घालवला होता, म्हणून त्यातील काय खरोखर वापरले गेले, याचा हिशेब मांडणे मला आवश्यक वाटले.

सर्वाधिक उपयोग झाला तो चार्जिंगच्या सूचनेचा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील प्लग सैल आहे. रात्री अकराला लावलेले चार्जिंग साडेअकराला बंद पडले, तर सकाळी ऑफिसला निघताना बॅटरी 34 टक्क्यांवर दिसते आणि दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होते. अ‍ॅपवर सूचना आल्यामुळे असे प्रसंग पाच-सहा वेळा टळले. गाडी कोणी हलवली तर मिळणारा इशाराही कामाचा आहे, जरी आजवर तो केवळ झाडलोट करणाऱ्या मावशींमुळेच वाजला असला तरी.

हे दोन्ही फायदे गाडीतील सिमकार्डमुळे मिळतात. आपण दूर असताना माहिती कंपनीच्या सर्व्हरमार्गे येते, आणि त्यासाठी शुल्क घेणे मी समजू शकतो. मात्र डॅशबोर्डवर कोणाचा फोन आला ते दाखवणे किंवा वळणाचे बाण दाखवणे हे काम फोन व गाडी ब्लूटूथवरून आपसांत करू शकतात, त्याचेही पैसे त्याच पॅकमध्ये मोजावेत, हे पटत नाही. अमेरिकेच्या झीरो कंपनीने तर 2022पासून काही मॉडेल्समध्ये गाडीत आधीच बसवलेले गरम हँडग्रिप आणि बॅटरीची वाढीव क्षमता अ‍ॅपमधून विकायला काढली; आपल्याकडे ते लोण पसरू नये, हेच बरे.

चार्जरच्या नकाशाने सातारच्या वाटेवर माझी फजिती केली. शिरवळजवळ चालू दाखवलेल्या चार्जरपाशी पोहोचलो तेव्हा पडदा काळाठिक्कर होता आणि रखवालदार शांतपणे म्हणाला, “साहेब, हे महिनाभर बंदच आहे.” प्रवासाची आकडेवारी व इंजिनाचे कृत्रिम आवाज पहिल्या पंधरवड्यानंतर मी पुन्हा उघडलेही नाहीत.

गंभीर दोष एकच, पण तो मोठा. फोनवरून गाडी सुरू करण्याची सोय ऐन पावसाळ्यात एका मॉलच्या दुसऱ्या तळघरात निकामी ठरली, कारण तिथे नेटवर्क नव्हते. पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि किल्ली घरी होती.

नूतनीकरण मी करणार आहे, तेही केवळ चार्जिंगच्या सूचनेसाठी. घराच्या खिडकीतून प्लग दिसत असता तर केले नसते. नवी गाडी घेणाऱ्याने टेस्ट राइडच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाकून गाडी सुरू होते का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे.